कणांची वर्तणूक

पदार्थ कणांचा बनलेला असतो आणि हे कण कधीही स्वस्थ बसत नाहीत. स्थायू, द्रव आणि वायू या तीन अवस्थांबद्दल भौतिकशास्त्राला जे सांगायचे आहे ते जवळजवळ सगळे या एका वाक्यात येते. पाठ्यपुस्तकातला धडा त्याहून लांब असतो, कारण स्वाध्यायापुरते प्रश्न कुठून तरी निघावे लागतात.

कणांच्या वागण्यामागे दोनच प्रवृत्ती असतात. पहिली म्हणजे शेजारच्या कणाबद्दलची ओढ आणि दुसरी म्हणजे अंगभूत चुळबूळ. ओढ कोणत्या रेणूला किती असावी हे त्याच्या घडणीवर ठरते. चुळबूळ उष्णतेवर ठरते, किंबहुना तापमान हे या चुळबुळीचेच माप आहे. साध्या तापमानाला लोखंडात ओढ वरचढ असते, हवेत चुळबूळ वरचढ असते आणि पाण्यात दोघींचा समझोता झालेला असतो. एकटादुकटा रेणू मात्र यातल्या कोणत्याच अवस्थेत नसतो. पाण्याचा सुटा रेणू गोठलेला नसतो, पातळ नसतो आणि वाफाळलेलाही नसतो. अवस्था हा जमावाचा गुण आहे. जमाव केवढा, तर चहाच्या चमचाभर पाण्यात १७ या आकड्यापुढे २२ शून्ये लिहावीत, इतके रेणू असतात.

बहुतेकांची या जमावाशी ओळख तीन चौकटींच्या आकृतीने होते. पहिल्या चौकटीत गोळे ओळीने मांडलेले असतात, दुसरीत ते विस्कटलेले आणि सुटेसुटे असतात, तिसरीत चारपाचच गोळे असतात आणि ते पळत आहेत हे कळावे म्हणून त्यांच्या मागे रेघा ओढलेल्या असतात. यातली दुसरी चौकट चित्रकाराच्या उदारपणाची आहे. प्रत्यक्षात द्रवातले कण स्थायूतल्या कणांइतकेच जवळपास खेटून असतात. आकृतीतली ऐसपैस जागा खरोखरीच असती, तर बादलीभर पाणी दाबून तांब्यात बसवता आले असते आणि पाणीकपातीच्या दिवसांत सोसायट्यांची मोठी सोय झाली असती. तिसऱ्या चौकटीत उलट कंजुषी आहे. हवेतल्या दोन रेणूंमधले सरासरी अंतर रेणूच्या आकाराच्या सुमारे दहापट असते, पण तेवढे दाखवायला पान पुरत नाही.

आकृतीच्या जोडीला शिक्षक वर्गाची उपमा देतात. तास चालू असताना मुले जागेवर असतात तो स्थायू, ऑफ तासाला बाकांमधून फिरतात तो द्रव आणि घंटा झाल्यावर बाहेर सुटतात तो वायू. उपमा ठीक आहे. फक्त तास चालू असताना सगळे शांत असतात हे तिच्यातले गृहीतक पदार्थालाही लागू पडत नाही आणि वर्गालाही.

कणांच्या चुळबुळीचा डोळ्यांना दिसणारा पुरावा एका वनस्पतिशास्त्रज्ञाच्या नावावर जमा आहे, आणि तो काही तरी वेगळेच शोधत होता. १८२७ मध्ये रॉबर्ट ब्राउन फुलांच्या परागकणांतून निघालेले बारीक कण पाण्यात टाकून सूक्ष्मदर्शकाखाली पाहत होता. ते कण एका जागी ठरेनात. ते जिवंत असावेत असा पहिला संशय आला. मग त्याने वाळलेल्या वनस्पती तपासल्या, काचेची पूड तपासली, दगडांची पूड तपासली, आणि कुठे शंका राहायला नको म्हणून इजिप्तच्या स्फिंक्सचा एक तुकडाही तपासला. सगळ्यांची पूड सारखीच नाचत होती. स्फिंक्स जिवंत मानणे अवघड असल्यामुळे जिवंतपणाचा मुद्दा मागे घ्यावा लागला. ही लाथाळी पाण्याच्या न दिसणाऱ्या रेणूंची आहे, हे गणिताने मांडले ते आइन्स्टाइनने १९०५ मध्ये. पॅरिसमध्ये जाँ पेरँने ते गणित प्रयोगाने पडताळून पाहिले आणि त्याला १९२६ चे नोबेल पारितोषिक मिळाले. अणू-रेणू खरोखरच असतात की हिशेबाच्या सोयीपुरते मानायचे, हा विद्वानांचा जुना वाद या नाचाने मिटवला.

स्थायू. स्थायूतल्या कणाला ठरलेली जागा असते आणि ती सोडण्याची मुभा नसते. जागेवरच्या जागेवर थरथरण्याचे स्वातंत्र्य मात्र त्याला पूर्ण असते, आणि एका सेकंदात सुमारे १० लाख कोटी वेळा या वेगाने तो ते उपभोगतो. टेबल, पाटा, तिजोरी, पुतळा या सर्व भारदस्त वस्तू आतून अशा थरथरत असतात. तापवले की थरथर वाढते, कणांना जरा जास्त जागा लागते आणि वस्तू प्रसरण पावते. लोखंडाची मीटरभर लांब सळई १०० अंशांनी तापवली तर ती जेमतेम सव्वा मिलिमीटर वाढते. हे फार वाटत नाही, पण एकात एक रुतून बसलेले स्टीलचे दोन पेले सोडवायला त्याच्या अंशानेही काम भागते. घरोघरी अशा वेळी आधी जोर लावतात, मग पेले ओट्यावर आपटतात, मग साबण लावतात आणि शेवटी दोन्ही पेले तसेच मांडणीवर ठेवून एक पेला म्हणून वापरू लागतात. आतल्या पेल्यात बर्फाचे पाणी ओतून बाहेरचा पेला कोमट पाण्यात धरला, तर आतला आकसतो, बाहेरचा फुगतो आणि दोघे भांडण न करता वेगळे होतात.

कणांची मांडणी एकदा झाली की ती कशी झाली यालाही महत्त्व असते. कढवलेले तूप सावकाश निवले तर कणांना रांगा लावायला वेळ मिळतो, मोठे स्फटिक बनतात आणि तूप रवाळ होते. घाईने फ्रिजमध्ये ठेवले तर स्फटिक बारीक राहतात आणि तूप लोण्यासारखे गुळगुळीत दिसते. दोन्हींतले कण तेच असतात, पण आजी दुसऱ्याला तूप म्हणत नाही. काचेच्या बाबतीत तर कणांना रांगा लावायला वेळच मिळालेला नसतो. ते द्रवातल्यासारखे विस्कळीत असतात आणि तसेच अडकून पडतात. जुन्या खिडक्यांच्या काचा शतकानुशतके खाली ओघळत असतात, ही गोष्ट मात्र खोटी आहे.

द्रव. द्रवातल्या कणांना शेजार सुटत नाही, पण शेजारी बदलता येतात. त्यामुळे द्रवाला स्वतःचे आकारमान असते, आकार नसतो. तो भांड्याचा आकार घेतो, भांडे नसेल तर ओट्याचा, आणि ओटा संपला की फरशीचा. द्रव दाबला जात नाही म्हणतात ते जवळपास खरे आहे. महासागराच्या सर्वांत खोल तळाशी हजार वातावरणांहून जास्त दाब असतो, तिथेही पाणी फक्त पाचएक टक्के आकसते. गाडीचा ब्रेक आणि गॅरेजमधला जॅक या हट्टीपणावरच चालतात.

पृष्ठभागावरच्या कणांची स्थिती वेगळी असते. त्यांना खालून आणि बाजूंनी ओढणारे शेजारी असतात, वरून कोणी नसते. त्यामुळे पृष्ठभाग आतल्या बाजूला खेचला जातो आणि ताणल्यासारखा वागतो. यालाच पृष्ठताण म्हणतात. पेला काठोकाठ भरल्यावरही पाणी काठाच्या किंचित वर फुगून राहते ते यामुळे. द्रवाच्या कणांना आपसांत जशी ओढ असते तशी भांड्याबद्दलही असते. पातेल्यातून कपात चहा हळूहळू आणि जपून ओतला की धार कपाकडे न जाता पातेल्याच्या अंगावरून ओघळून ओट्यावर जाते. पाहुणे समोर असताना माणूस जपून ओततो, म्हणून हा प्रकार पाहुण्यांसमोर जास्त होतो. झटक्यात ओतल्यास धारेला वेग मिळतो आणि तिला पातेल्याचा मोह सोडावा लागतो.

वायू. वायूत ओढीचे काही चालत नाही. कण मिळेल तेवढी जागा व्यापतात आणि भिंतीवर आपटत राहतात. या आपटण्यालाच दाब म्हणतात. वातावरणाचा दाब दर चौरस सेंटिमीटरला साधारण एक किलो वजनाइतका असतो. तो आतून-बाहेरून सारखाच असल्यामुळे त्याबद्दल कोणी तक्रार करत नाही.

साध्या तापमानाला हवेतल्या रेणूचा वेग सेकंदाला सुमारे ५०० मीटर असतो. या वेगाने मुंबईहून पुणे पाच मिनिटांवर आहे. रेणू मात्र पुण्याला पोहोचत नाही, कारण मिलिमीटरचा चौदा हजारावा भाग जातो न जातो तोच त्याची दुसऱ्या रेणूशी टक्कर होते आणि दिशा बदलते. अशा टकरा सेकंदाला सुमारे ७०० कोटी होतात. घाट लागण्याचा प्रश्नच येत नाही.

हे शास्त्रज्ञांनाही लगेच सुचले नव्हते. १८५७ मध्ये जर्मन भौतिकशास्त्रज्ञ रुडॉल्फ क्लॉसियस याने वायूचे रेणू इतक्या प्रचंड वेगाने धावतात असे मांडले, तेव्हा बाइस बालोट या डच हवामानशास्त्रज्ञाने रास्त शंका काढली. रेणू एवढे धावतात तर खोलीत तंबाखूच्या धुराचे थर इतका वेळ जागच्या जागी का लोंबकळतात? क्लॉसियसने पुढच्याच वर्षी उत्तर दिले: वेग आहे, पण वाट मोकळी नाही. दोन टकरांमधल्या सरासरी अंतराची कल्पना यातून जन्माला आली. एका माणसाच्या चौकस शंकेमुळे शास्त्र पुढे गेले असे म्हणतात, त्याचे हे खात्रीचे उदाहरण आहे.

त्याच उत्तराचा दुसरा दाखला इमारतीच्या जिन्यात मिळतो. पहिल्या मजल्यावर सुके बोंबील भाजायला घेतले की तिसऱ्या मजल्यावर दोन मिनिटांत खिडक्या लागतात. हे नुसत्या विसरणाने झाले असते, म्हणजे रेणूंनी धक्के खात स्वतः वाट काढली असती, तर शेजाऱ्यांना बातमी कळायला दिवसच्या दिवस गेले असते. वास पोहोचवण्याचे काम तापून वर चढणारी हवा आणि जिन्यातला वारा करतात. तंटा झालाच तर रेणूंना निर्दोष सोडावे लागेल.

अवस्थांतर. एका अवस्थेतून दुसरीत जाताना कणांना ओढ तोडावी लागते आणि त्यासाठी उष्णता खर्च होते. ही उष्णता तापमापीत दिसत नाही, म्हणून तिला अप्रकट उष्मा म्हणतात. शून्य अंशाचा एक ग्रॅम बर्फ वितळवून शून्य अंशाचेच पाणी करायला ८० कॅलरी लागतात. तेवढ्या उष्णतेत तेच पाणी पुढे ८० अंशांपर्यंत तापले असते. वाफेचे बिल याहून मोठे असते. उकळत्या पाण्याच्या एका ग्रॅमची वाफ करायला सुमारे ५४० कॅलरी जातात. पातेले उकळेपर्यंत गॅस जळतो तो काहीच नाही. उकळल्यानंतर फोनवर बोलत राहिल्यास जळतो तो खरा.

पाणी गोठताना आणखी एक विक्षिप्तपणा करते. बहुतेक पदार्थ गोठताना आकसतात. पाण्याचे रेणू मात्र षट्कोनी मांडणी करून मध्ये पोकळ्या सोडतात आणि सुमारे ९ टक्के जास्त जागा घेतात. यामुळे बर्फ तरंगतो, थंड प्रदेशांतली तळी वरून गोठतात आणि खाली मासे जगतात. सृष्टीच्या या उत्तम व्यवस्थेची जाणीव घरात प्रथम होते ती फ्रीझरमध्ये विसरलेली काचेची बाटली तडकल्यावर. खोबरेल तेल नेमक्या एका तापमानाला गोठत नाही, कारण ते अनेक स्निग्धांशांचे मिश्रण असते. सुमारे २४-२५ अंशांच्या खाली त्यात पांढरे ढग धरू लागतात. त्यामुळे हिवाळ्यात मुंबईत बाटली उलटी केली की तेल येते आणि नाशिकला उलटी करून, ठोकून, पिळून, शेवटी उन्हात ठेवल्यावर येते. तोवर शाळेची वेळ झालेली असते.

बाष्पीभवन. वाफ होण्यासाठी उकळायलाच हवे असे नाही. द्रवातले सगळे कण एकाच वेगाने फिरत नाहीत. पृष्ठभागाजवळचे काही चपळ कण कोणत्याही तापमानाला निसटतात. चपळ गेले की मागे राहिलेल्यांची सरासरी उतरते, म्हणजेच द्रव थंड होतो. माठ एवढ्याच तत्त्वावर चालतो. त्याच्या छिद्रांतून पाणी झिरपते, बाहेरच्या अंगावरून उडते आणि आतल्याला गारवा देते. माठ रंगवून सुशोभित केल्यास छिद्रे बुजतात आणि तो दिवाणखान्यात शोभून दिसतो, पण पाणी नळाचेच राहते.

बशीत चहा ओतून पिणे हेही शास्त्रशुद्ध आहे. बशीमुळे पृष्ठभाग वाढतो, निसटायला कणांना जास्त जागा मिळते आणि फुंकर घातली की वर साचलेली वाफ बाजूला होते. साचलेली वाफ हटवणे महत्त्वाचे असते, कारण निसटलेले कण परतही येतात. जाणारे आणि येणारे सारखे झाले की सुकणे थांबते. मुंबईच्या जुलै महिन्यात हवेत बाष्प इतके असते की दोरीवरच्या कपड्यांतून जेवढे पाणी जाते, जवळजवळ तेवढेच परत येते. कपडे तीन दिवस दोरीवर असतात, मग पंख्याखाली असतात आणि चौथ्या दिवशी इस्त्रीने त्यांचा निकाल लावला जातो. नागपूरच्या मे महिन्यात हवा कोरडी असल्यामुळे निसटलेला कण परत येत नाही, म्हणून वाळ्याचा कूलर तिथे संसार थंड ठेवतो. तोच कूलर कोकणात नेला तर तो घर दमट करतो आणि वर आवाज करतो.

उकळणे आणि दाब. बाष्पाचा दाब बाहेरच्या हवेच्या दाबाइतका झाला की द्रव उकळतो. म्हणून बाहेरचा दाब कमी असेल तिथे पाणी लवकर उकळते. महाबळेश्वरला ते ९५-९६ अंशांनाच उकळते आणि उघड्या पातेल्यात डाळ शिजायला वेळ लावते. दाब वाढवला की उलट होते. प्रेशर कुकरमध्ये वातावरणाच्या जवळपास दुप्पट दाब असतो आणि पाणी सुमारे १२० अंशांपर्यंत जाते. हे यंत्र द्नी पापँ या फ्रेंच संशोधकाने १६७९ मध्ये लंडनमध्ये मांडले. सुरुवातीचा धोका ओळखून त्याने त्याला सुरक्षा झडपही बसवली. १६८२ मध्ये रॉयल सोसायटीच्या सभासदांनी त्यात शिजलेले जेवण जेवून पाहिले, त्यात हाडेही मऊ झाली होती. किती शिट्ट्या करायच्या, हा प्रश्न मात्र त्या सोसायटीने सोडवला नाही. एका घरात तुरीच्या डाळीला तीन लागतात, शेजारी पाच लागतात, आणि शिट्टी हे दाबाचे किंवा वेळेचे प्रमाणित एकक नाही हे कोणत्याही स्वयंपाकघरात ऐकून घेतले जात नाही.

घरगुती सिलिंडरमध्ये १४.२ किलो प्रोपेन-ब्युटेन असते आणि त्याला सगळे गॅस म्हणत असले तरी आत तो दाबाखाली द्रव असतो. दाब सुटला की त्याचे सुमारे अडीचशे पट आकारमानाच्या वायूत रूपांतर होते. वायू होताना लागणारी उष्णता तो सिलिंडरकडूनच घेतो, म्हणून जोरात वापर चालू असताना टाकीचे अंग गार लागते. गॅस संपत आला की टाकी आडवी करण्याची प्रथा आहे. त्याने दोन चहा जास्त होतात असे मानतात, पण वायूऐवजी द्रव बाहेर येण्याचा धोका असल्यामुळे ते चहा महागात पडू शकतात. हा वायू हवेपेक्षा जड असतो आणि गळला तर जमिनीलगत साचतो. त्याला स्वतःचा वास जवळजवळ नसतो. नाकाला झोंबणारा वास मुद्दाम मिसळलेल्या मर्कॅप्टनचा असतो.

संप्लवन. काही स्थायू मधली द्रव अवस्था न घेता थेट वायू होतात. कापूर आणि डांबरगोळ्या ही घरातली ठळक उदाहरणे. डांबरगोळीतले नॅफ्थलीन वितळायला ८० अंश लागतात, पण उडून जायला कपाटातले तापमान पुरते. गोळी रोज थोडी लहान होते आणि एक दिवस कागदाची पुडीच उरते. तिचे कण तोवर ठेवणीतल्या शालूत जाऊन बसलेले असतात, हे लग्नाच्या मांडवात शेजारी बसलेल्यांना कळते. कापराच्या डबीत मिरी किंवा लवंग टाकण्याची रीत आहे. खरे काम डबीचे घट्ट झाकण करते. आत बाष्प पुरेसे साचले की जाणारे आणि येणारे कण सारखे होतात आणि कापूर टिकतो.

चौकटीत न बसणारे. तीन चौकटींच्या बाहेरचे पदार्थ बरेच आहेत. चिवडा भांड्याचा आकार घेतो आणि ओतताही येतो, तरी तो द्रव नाही. त्याचा प्रत्येक घटक स्थायू असून डोंगर रचता येतो, जो पाण्याचा रचता येत नाही. डबा हलवला की फटींतून बारीक तुकडे खाली घसरतात आणि मोठे वर राहतात. मसाला सारखा लागावा म्हणून दिवाळीत डबा जोरजोरात हलवणारा माणूस मीठ, पिठीसाखर आणि तीळ तळाशी पाठवण्याचे काम करत असतो. श्रीखंड थोड्या जोरापुढे स्थायूसारखे राहते आणि जास्त जोरापुढे वाहते. चमचा उलटा केला तरी ते पडत नाही, आणि पडावे असे कोणाला वाटतही नाही.

सर्वांत संथ नमुना ऑस्ट्रेलियात ब्रिस्बेनच्या क्वीन्सलंड विद्यापीठात आहे. डांबराच्या जातीचा पिच हा पदार्थ हातोडीने फुटतो, तरी तो द्रव आहे, हे दाखवण्यासाठी थॉमस पार्नेल या प्राध्यापकाने १९२७ मध्ये तो तापवून बंद नरसाळ्यात ओतला. तीन वर्षे बसू दिला आणि १९३० मध्ये नरसाळ्याचे तोंड कापले. पहिला थेंब १९३८ मध्ये पडला. पिचचा चिकटपणा पाण्याच्या १०० अब्ज पटींहून जास्त आहे. पुढे अनेक वर्षे प्रयोग सांभाळणारे जॉन मेनस्टोन १९८८ मध्ये काही तरी प्यायला म्हणून बाहेर गेले आणि नेमका तेवढ्यात थेंब पडला. २००० मध्ये कॅमेरा लावला होता, तो ऐन वेळी बंद पडला. २०१३ मध्ये मेनस्टोन यांचे निधन झाले आणि पुढचा थेंब २०१४ मध्ये सुटला. या प्रयोगाला २००५ मध्ये इग नोबेल हे नोबेलची नक्कल करणारे विनोदी पारितोषिक मिळाले. महाराष्ट्रातल्या रस्त्यांवरचे डांबर याच कुळातले आहे, पण त्याच्या वाहून जाण्यासाठी इतकी वाट पाहावी लागत नाही.

आणखी अवस्था. वायू फार तापवला की अणूंमधून इलेक्ट्रॉन सुटतात आणि प्लाझ्मा होतो. सूर्य त्याचाच बनलेला आहे आणि वीज चमकताना तिची वाटही त्याचीच असते. उलट टोकाला, निरपेक्ष शून्याच्या म्हणजे उणे २७३.१५ अंश सेल्सियसच्या अगदी जवळ, काही अणू आपापले वेगळेपण सोडून एकाच अवस्थेत जातात. सत्येंद्रनाथ बोस यांच्या १९२४ च्या कामावरून आइन्स्टाइनने हे भाकीत केले आणि १९९५ मध्ये अमेरिकेत रुबिडियमच्या अणूंवर ते खरे ठरले. हेलियम तर साध्या दाबाला कितीही थंड केले तरी गोठत नाही, कारण त्याच्या अणूंमधली ओढ त्यांच्या किमान चुळबुळीलाही पुरी पडत नाही. ही किमान चुळबूळ निरपेक्ष शून्यालाही संपत नाही, म्हणजे पूर्णपणे स्वस्थ बसलेला कण निसर्गात कुठेच मिळत नाही. परीक्षेत ‘स्थायूतील कण स्थिर असतात, चूक की बरोबर’ असा प्रश्न आल्यास उत्तर ‘चूक’ असे लिहावे आणि एक गुण घ्यावा.